चिंचेच्या डाव्या हाताला

नांदेड

नांदेडला उतरताना पिशवीत काच वाजली. सांगलीपासून मांडीवर घेऊन जपलेली चौकट शेवटच्या अर्ध्या तासात मी वरच्या फळीवर ठेवली आणि कुणाची तरी लोखंडी पेटी तिच्यावर आली. गोदावरीच्या घाटावर पायरीवर बसून काचेचे तुकडे एकेक करून काढले, वर्तमानपत्रात गुंडाळले. चित्राला ओरखडासुद्धा आला नव्हता. कित्येक वर्षांनी मी ते काचेविना पाहत होतो.

चित्र दीड वितीचं आहे. एचिंग. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जन्मभर चित्रकलेचा मास्तर होतो, त्यामुळे सांगितल्यावाचून मला राहवणारही नाही. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर देतात आणि त्यावर सुईने चित्र काढतात. सुईने मेण निघालं की तिथला पत्रा उघडा पडतो. मग पत्रा तेजाबात सोडायचा. उघडी पडलेली रेघ तेजाब खात जातं. लवकर बाहेर काढला तर रेघ केसासारखी, जास्त वेळ ठेवला तर खोल आणि काळी. शेवटी मेण काढून रेघांत शाई भरायची आणि ओल्या कागदावर दाबून छाप घ्यायचा.

हे चित्र माझ्या मित्राचं, रशीदचं. आम्ही चित्रकलेच्या कॉलेजात एका खोलीत राहायचो. तो देगलूरचा. वडील भांड्यांना कल्हई करायचे, त्यामुळे निखारे, नवसागराचा धूर आणि तेजाब हे सगळं घरातलंच. आम्ही तेजाबाच्या तसराळ्यापासून हातभर लांब उभे राहायचो आणि हा घरातलं भांडं विसळावं तसा पत्रा त्यात हलवायचा. कागदावर आधी कच्चं काढायचा त्याला कंटाळा. सुट्टीत घरी गेला की मेण लावलेला पत्रा आणि सुई घेऊन सरळ नदीवर जाऊन बसायचा.

चित्रात मध्यभागी चिंच आहे. तिचा बुंधा गाठीगाठींच्या काळ्या रेघांनी भरलेला. मागे नदी आडवी गेलेली, डाव्या कडेला वळलेली, आणि नदीसाठी त्याने जवळजवळ काहीच काढलेलं नाही. पलीकडच्या काठाची एकच रेघ डावीकडून निघते, मध्येच विरते आणि बोटभर अंतरावर पुन्हा सुरू होते. त्या बोटभर जागेत धुकं आहे. पत्र्यावरची शाई त्याने पुरती पुसलेली नाही, थोडी राहू दिली आहे, म्हणून सगळ्या चित्रावर दिवस मावळून गेल्यानंतरचा करडेपणा राहिला आहे. डाव्या कडेला घागर घेतलेली एक बाई जाते आहे. आणि चिंचेच्या डाव्या हाताला, चार आखूड रेघांत, एक कबर. आधी ती दिसतच नाही. दिसली की मग दुसरं काही दिसत नाही.

रशीद गेल्या हिवाळ्यात गेला. झोपेतच. या हिवाळ्यात त्याच्या थोरल्या बहिणीचा, जैबुनआपांचा फोन आला. "भाऊ, अम्माचं चित्र तुमच्याकडं हाय ना? घिऊन येता का? जागा बघायची हाय."

घाटावर ढगाळ होतं. गोदावरी रुंद आणि राखेच्या रंगाची दिसत होती. आमची कृष्णा तिच्यापुढे धाकटी वाटेल, पण कृष्णेच्या काठी मला असं एकटं कधी वाटलं नव्हतं. घाटाबाहेरच्या हॉटेलात न्याहारीला सुशीला मिळाला. आम्ही सांगलीकर चुरमुऱ्यांचं कोरडं, कुरकुरीत भडंग करतो. इथे तेच चुरमुरे भिजवून, पिळून, कांद्यामिरचीच्या फोडणीत टाकतात. पहिला घास मला ओला ओला लागला. दुसरी बशी मात्र मीच मागितली.

देगलूर

देगलूरच्या गाडीत तिकीट मराठीत मिळालं, शेजाऱ्यांचं भांडण तेलुगूत झालं आणि समेट हिंदीत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर कापणीला आलेली, वर ढग. असल्या ढगांनी शेंगा काळ्या पडतात म्हणे. गाडीत जो तो वर पाहून नजर खाली घेत होता.

जैबुनआपा सत्तरीच्या आहेत. वडिलांची कल्हईची भट्टी होती त्या जागेमागे दोन खोल्यांत एकट्या राहतात, लोकांच्या रजया शिवतात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. मला त्यांनी आधी पाणी दिलं, मग चित्र मांडीवर घेतलं आणि कबरीवर बोट ठेवलं. छापावर बोट लावू नये हे मी उभ्या जन्मात शेकडो पोरांना ओरडून सांगितलं आहे. इथे गप्प बसलो.

"ही अम्मा," त्या म्हणाल्या. मग घागरवालीवर बोट नेलं. "अन् ही मी. मी पानी घिऊन चालले अन् हा मेला पायऱ्यांवर बसून मला काढून राहिला."

त्यांनी खिचडी आणि चिंचेच्या कोळातला पातळ, तिळाचा खट्टा वाढला. आमच्याकडे खिचडी म्हणजे आजाऱ्याचं अन्न. इथे तो पाहुणचार असतो, आणि खट्टा इतका आंबट की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याचा फायदा घेऊन मी रशीदसाठीही थोडं रडून घेतलं. त्यांनी पाहिलं, पण आणखी एक पळी वाढण्यापलीकडे काही केलं नाही.

"आमच्यात बाया कबरस्तानात जात न्हाईत, भाऊ," त्या सांगत होत्या. "अम्माला चाळीस वर्सं झाली. मी फाटकाच्या आत पाय ठेवला न्हाई. रशीद जायचा, फुलं टाकायचा, मला यिऊन सांगायचा. म्हनून तर त्यानं हे काढलं. म्हनला, आपा, तू घरात बसून बघत जा. एक मला दिलं, एक तुमाला. माझं गेल्या साली घरात पानी शिरलं त्यात लगदा झालं."

"आणि नदीकाठच्या कबरी?" मी विचारलं.

"तितं तर सगळं सपाट. बारकाले दगड व्हते, समदे गेले. वर हातभर गाळ. रशीदला जागा पाठ व्हती. म्हनला, हिवाळ्यात पक्का दगड लावू, नावाचा. हिवाळा आला अन् हाच गेला. आता माझं बी काय खरं न्हाई. माझ्या माघारी अम्मा कुठं हाय ते सांगनारं कुनी न्हाई. जागा तेवढी दाखवा."

आमच्याकडे तरी काय वेगळं आहे. माझी आई गेली तेव्हा बहीण स्मशानाच्या कमानीपाशीच थांबली होती. मी परत आलो तर तिने एवढंच विचारलं, कुठल्या बाजूला रे? मला नीट सांगता आलं नव्हतं. ते मला देगलूरला, खट्ट्याची वाटी हातात असताना आठवलं, आणि मी ठरवलं की इथे तरी नीट सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लेंडी नदीकाठच्या कबरस्तानाशी गेलो. सोबत हणमंतू नावाचा पाथरवट, हातगाड्यावर काळा दगड. दगडावर हलीमाबी हे अम्माचं नाव त्याने मराठीत आणि उर्दूत आधीच कोरून ठेवलं होतं. आपा फाटकाबाहेर भिंतीला धरून उभ्या राहिल्या. आत आता नवीन कुणाला आणत नाहीत. रशीदलाही रस्त्याकडच्या नव्या जागेत नेलं होतं. सुकलेला गाळ, मधूनच बाभळीची रोपटी, आणि समोर चिंच.

ज्या तीन पायऱ्यांवर रशीद बसायचा त्या शाबूत होत्या. मी मधल्या पायरीवर बसलो, चित्र समोर धरलं. चिंच बरोबर मध्ये आली. इतकी वर्षं जी रेघ मी भिंतीवर पाहिली, ती इथे झाड होऊन उभी होती. पलीकडचा काठसुद्धा ढगाळ हवेत तसाच, मध्येच पुसल्यासारखा. आणि मग माझ्यातला मास्तर जागा झाला. रेघ कशी विरते, धुकं कसं न काढता काढलं आहे, मी हणमंतूला समजावत बसलो. तो बिचारा दगडाला टेकून ऐकत होता.

नदीचं वळण मात्र जुळेना. चित्रात ते डावीकडे होतं, समोर उजवीकडे. मी म्हटलं, "पुराने पात्र बदललं, बघ." उजवीकडे काठ खरोखरच कापून गेला होता. चिंचेची मुळं त्या बाजूला अधांतरी लोंबत होती आणि खाली पाणी. माझं म्हणणं मलाच पटलं.

हणमंतूने चित्र जवळून पाहिलं. "मास्तर, ह्या बाईचा पदर उजव्या खांद्यावं हाय."

"ती सीमेवरची रीत. कानडी बाया घेतात तसा," मी म्हटलं. हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि खोटंही नाही ते.

हणमंतूने वळून फाटकाकडे पाहिलं, जिथे आपा उभ्या होत्या. मग म्हणाला, "आसंल. सरे." सरे म्हणजे तेलुगूत 'बरं'.

मी चिंचेच्या डाव्या हाताला पावलं मोजली आणि टाच रोवून खूण केली. फाटकाबाहेरून आपांनी हाक दिली, "नक्की ना, भाऊ?"

"शंभर टक्के, आपा," मी ओरडून सांगितलं.

दुपारपर्यंत दगड बसला. आपा गजांतून पाहत होत्या. त्यांनी हात उचलून दुवा मागितली, डोक्यावरचा पदर तोंडाला लावला. घरी गेल्यावर मी चित्र त्यांच्यापुढे ठेवलं, तर त्यांनी ते परत माझ्या पिशवीत घातलं. "तुमाला दिलेलं हाय, तुमी न्या. मला आता जागा गावली."

अहमदपूर

दगड बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी निघालो. लातूरहून रेल्वेने घरी जाणार होतो. जळकोटच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली, अहमदपूरला पोचेस्तोवर पुढची गाडी चुकली. स्टँडसमोर एक सलून होतं. दोन दिवसांची दाढी वाढली होती, म्हटलं तेवढंच काम.

सलूनवाल्याने एका गालावरून वस्तरा फिरवला आणि साबण पुसायला टॉवेल घेताना त्याचा पाय माझ्या पिशवीला लागला. चौकट बाहेर घसरली. त्याने ती उचलली, छातीशी धरली आणि माझ्या मागे उभा राहून म्हणाला, "लई भारी हाय काका. हाताचं हाय का छापील?"

मी उत्तर द्यायला आरशात पाहिलं.

आरशात चित्र होतं. नदीचं वळण उजवीकडे गेलं होतं, काल सकाळी पायऱ्यांवरून दिसत होतं अगदी तसं. घागरवालीचा पदर डाव्या खांद्यावर होता, आपांचा आजही असतो तिथे. आणि कबर चिंचेच्या उजव्या हाताला होती.

पत्र्यावर काढलेलं कागदावर उलटं उतरतं. हे मला माहीत नाही असं नाही. आठवीच्या वर्गात दरवर्षी एखादा पोरगा बटाट्यावर स्वतःचं नाव सरळ कोरायचा, छाप उलटा आला की रडकुंडीला यायचा, आणि मी सगळ्या वर्गादेखत त्याची टर उडवायचो. रशीद पत्रा घेऊन नदीवर बसायचा, डोळ्यांना दिसेल तसं सरळ खरवडायचा, हे मी लोकांना कौतुकाने सांगत आलो. त्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवायचं मला सुचलं नाही. रेघांचं कौतुक करण्यात मी गुंग होतो. नदीने सांगून पाहिलं, हणमंतूने सांगून पाहिलं, आणि दोघांना मी शहाणपण शिकवलं.

"काका, दुसरी बाजू करू ना?" सलूनवाल्याने विचारलं. मी तसाच उठत होतो, त्याने खांदा दाबून खाली बसवलं. अर्ध्या दाढीने तो कुणाला जाऊ देणार नव्हता.

स्टँडवर येऊन बाकावर बसलो. समोर लातूरची गाडी लागली. तिच्यात बसायला सगळी कारणं होती. काल रात्री आपा समाधानाने झोपल्या असतील. खरी जागा सांगून त्यांच्या हाती काय पडणार होतं? चिंचेच्या उजव्या हाताला आता काठच नाही. तिथे पाणी आहे. त्यांच्या आईची कबर नदीने नेली, एवढंच मी सांगू शकत होतो. चूक कुणाच्या लक्षातही आली नसती. देगलूरात एचिंग जाणणारं होतं कोण. मी माझ्याशी खूप भांडलो. पण त्यांनी फाटकाबाहेरून विचारलं होतं, नक्की ना, आणि मी शंभर टक्के म्हणालो होतो. ते शब्द काही केल्या गिळता येईनात. दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर हलीमाबीचं नाव उभं होतं, ते माझ्या हातून.

लातूरची गाडी गेली. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. देगलूरकडे जाणारी गाडी लागली तिच्यात मी बसलो.

पुन्हा देगलूर

आपा दारातच रजई उसवत बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "काय इसरलात का, भाऊ?"

मी सगळं सांगितलं. पत्रा, छाप, उलट कसं होतं ते. त्यांना कळत नव्हतं असं वाटून पुन्हा सांगितलं. त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं. त्या उठल्या, खुंटीवरचा लहान आरसा काढला आणि म्हणाल्या, "धरा."

मी चित्र धरलं, त्यांनी आरसा. बऱ्या डोळ्याने त्या खूप वेळ पाहत राहिल्या.

"चुलीवरून उठून आले व्हते मी त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "घागर ह्याच हातात व्हती. आता बराबर हाय." मग आरसा खाली ठेवला. "म्हंजे अम्मा पान्यात गेली."

"चूक माझी आहे, आपा. मला माफ करा," मी म्हटलं.

त्या माफ केलं म्हणाल्या नाहीत. चूक नाही असंही म्हणाल्या नाहीत. उसवलेली रजई त्यांनी घडी करून ठेवली आणि मला हणमंतूला बोलवायला पाठवलं.

हणमंतू आला, त्याने ऐकलं, माझ्याकडे पाहिलं नाही. मला ते बरंच वाटलं. "दगड काढायचा का?" त्याने विचारलं.

"खाली कोन हाय?" आपांनी विचारलं.

"म्या तेवढं खोल गेलो न्हाई. पन मोकळी जागा तिकडं कुठली? कुनी तरी हायच."

आपा म्हणाल्या, "त्याच्या डोस्क्यावर माझ्या अम्माचं नाव कशाला? नाव काढ. दगड ऱ्हाऊ दे. त्याला बी दगड नव्हता."

"सरे," हणमंतू म्हणाला.

आम्ही तिघं पुन्हा नदीवर गेलो. हणमंतू आत गेला आणि छिन्नीचा आवाज येऊ लागला. काळ्या दगडावरून नाव काढायला कोरण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मी फाटकाशी आपांबरोबर थांबलो. प्रत्येक घावाला त्या पापणी मिटत होत्या. मला वाटलं, कुणीतरी मला रागवावं, म्हणजे उभं राहणं सोपं होईल.

अर्ध्यावर त्या अचानक भिंतीच्या कडेने निघाल्या. भिंतीबाहेरून एक पायवाट खाली जाते, धुणं धुणाऱ्या बाया तिथूनच ये-जा करतात.

"आपा, कुठे निघालात?"

"नदीवर," त्या न थांबता म्हणाल्या. "कबरस्तानात बाया जात न्हाईत. नदीवर जायला बाईला कवा कुनी अडवलंय?"

ते त्या आनंदाने म्हणाल्या नाहीत. चाळीस वर्षं ज्या फाटकाशी थांबल्या, त्याच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. कंबर धरलेली, वाट निसरडी. मी त्यांचा दंड धरला, चपला दुसऱ्या हातात घेतल्या. खाली पोचायला आम्हाला बराच वेळ लागला. वर चिंचेची मुळं लोंबत होती. पाणी गढूळ होतं, कडेला प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या, वास येत होता. रशीदच्या चित्रातली नदी यापेक्षा देखणी आहे, हे मी इथे लिहून टाकतो.

आपा घोट्यापर्यंत पाण्यात उतरल्या. वाकून ओंजळभर पाणी घेतलं, पाहिलं आणि सोडून दिलं. "अम्मा, मी जैबुन," एवढंच हळूच म्हणाल्या. वर छिन्नी चालूच होती.

मग त्यांनी विचारलं, "पानी कुनीकडं जातं हो, भाऊ?"

ढगांमुळे पाणी शिशासारखं निश्चल दिसत होतं. चित्र माझ्या पिशवीत होतं. मी ते काढलं नाही. लोंबत्या मुळाशी अडकलेली चिंचेची एक डहाळी काढून पाण्यावर टाकली, आणि ती हलेपर्यंत आम्ही दोघं थांबलो.